अडुसष्टावर थांबलेला काटा

डायलिसिसच्या पेशंटच्या अंगात दोन दिवसांचं पाणी साठतं आणि तिसऱ्या दिवशी ते मशीनने काढावं लागतं. नाही काढलं तर दम लागतो. आमच्या सेंटरवरच्या किश्शांचंही तसंच आहे. चार तास माणूस खुर्चीत पडून, एका हाताला सुया, टीव्हीवर दुसऱ्याच कोणाच्या तरी आवडीची मालिका. तो बोलणार नाही तर करणार काय? आणि आम्ही टेक्निशियन, ऐकणार नाही तर जाणार कुठे? घरी येऊन आईला सांगावं तर ती म्हणते, "जेवताना रक्ताच्या गोष्टी नकोत." त्यामुळे सगळं माझ्यातच साठत गेलंय. आज थोडं काढते.

मी ऋतुजा. बी.एस्सी. झाल्यावर डायलिसिस टेक्नॉलॉजीचा कोर्स केला. बाबा रिफायनरीत, म्हणून घर बाजव्याला. सेंटर बडोद्यातल्या अलकापुरीत, एका मेडिकल स्टोअरच्या वरच्या मजल्यावर. माझी बॅच मंगळ-गुरु-शनी, सकाळची पहिली. या बॅचला सगळी म्हातारी माणसं, कारण म्हाताऱ्यांना पहाटेपासून झोप नसते आणि दुसऱ्या कोणाला ती असावी असंही त्यांना वाटत नाही.

यातले बरेचसे किस्से बापूंचे आहेत. किस्से सगळ्यांचेच असतात, पण बापू गेल्यापासून तेच जास्त दाटून येतात.

*

बापू पाणीगेटचे. पाच पिढ्या बडोद्यात. वडिलांपासून चालत आलेला त्यांचा आखाडा होता. पुतण्याने लाल मातीवर फरशी बसवून तिथे जिम काढली. त्या जिमबद्दल बापू एकच वाक्य बोलायचे, "लोखंड उचलतात आणि आरशात बघतात."

पहिल्या दिवशी मी त्यांना सुई लावायला गेले, तर त्यांनी माझीच चौकशी सुरू केली.

"नाव काय तुझं?"

"ऋतुजा."

"कुठली?"

"बाजवा."

"म्हणजे रिफायनरीवाले. नंतर आलेले."

मी म्हटलं, "बापू, तुमच्या किडन्या तर जन्मापासून बडोद्यात होत्या. टिकल्या का?"

काचेच्या पार्टिशनबाहेर बाकावर त्यांची बायको बसली होती, मांडीवर शिवण घेऊन. काकूंचा हात टाका घालता घालता थांबला. हितेश, माझा जोडीदार टेक्निशियन, मशीनमागे जाऊन उगाचच नळ्या तपासायला लागला.

बापूंनी माझ्याकडे पाहिलं. मग हात पुढे केला. "लाव."

मी सुई उघडली तशी त्यांनी मान भिंतीकडे वळवली आणि डोळे गच्च मिटले.

"पैलवान, घाबरलात?"

"घाबरत नाही," डोळे मिटूनच म्हणाले, "ओळख नसलेल्या बाईकडे बघत नाही, एवढंच."

ते मला म्हणाले की सुईला, हे मी कधी विचारलं नाही.

*

आमच्याकडे एक पद्धत आहे. पेशंट आला की आधी काट्यावर उभा राहतो. मी आकडा मोठ्याने म्हणते, हितेश मशीनजवळून तोच आकडा परत म्हणतो, आणि मग किती पाणी काढायचं ते मशीनला लावतो. दोन माणसांनी म्हटलं की चूक होत नाही. चार तासांनी पाणी काढून झालं की पुन्हा वजन, पुन्हा पुकारा. जादा पाणी गेल्यावर उरतं ते माणसाचं खरं वजन. आम्ही त्याला ड्राय वेट म्हणतो.

बापूंना ही पद्धत फार आवडली. "आखाड्यात असंच असायचं. वस्ताद वजन पुकारायचे, अख्ख्या आखाड्याला ऐकू जायचं." त्या दिवसापासून त्यांनी मला वस्ताद म्हणायला सुरुवात केली. रागावले की मात्र पोरी.

जाताना पुकारलेला आकडा काकू काचेपलीकडून ऐकायच्या, शिवण पिशवीत ठेवायच्या आणि नाशिकच्या लेकीला फोन लावायच्या. "बाबा आज सत्तर भरले." बीपी किती, रिपोर्ट काय आले, डॉक्टर काय म्हणाले, यातलं काही नाही. सत्तर भरले की त्यांचा दिवस चांगला जायचा.

*

पाणी जपून प्या, हे आमच्या बॅचला रोज सांगावं लागतं. दिवसाला किती प्यायचं ते ठरवून दिलेलं असतं. पण ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांना शिस्त लावली, त्यांना स्वतःला शिस्त लावून घ्यायची सवय नसते.

बापूंच्या शेजारच्या खुर्चीवर जसुमासी. अंगाने भारी, आवाजानेही. एकदा त्या थर्मास घेऊन आल्या. उघडून पाहिलं तर आत बर्फाचे तुकडे.

"मासी, पाणी कशाला आणलंत?"

"पाणी क्यां छे? बरफ छे."

"बर्फाचं पाणीच होतं ना!"

"ए तो पछी थाय ने," मासी म्हणाल्या. ते तर नंतर होतं ना.

मी बापूंकडे पाहिलं. म्हटलं, निदान हे तरी माझ्या बाजूने बोलतील. पण त्या दिवशी बापूंचंच वजन तीन किलोने वाढलेलं. आदल्या संध्याकाळी शेव-उसळ खाल्ली होती, तीही गाडीवर उभं राहून.

"उसळ खाल्ली. पाण्याला हात लावला नाही," बापू म्हणाले.

"आणि तर्री?"

"ती उसळीची होती."

मासींनी थर्मासमधला एक तुकडा काढून बापूंना दिला. माझ्यासमोर. दोघांचं मिळून वय दीडशेच्या आसपास असेल.

*

हेड ऑफिसचे क्वालिटीवाले मेहतासर दर तीन महिन्यांनी येतात. भिंतीवर त्यांचा एक बोर्ड आहे. हात किती जणांनी धुतले, मशीनचं पाणी तपासलं का, इन्फेक्शन किती, डायलिसिस पुरेसं होतंय का, पेशंट समाधानी आहे का. सगळे हसतात, पण मला तो बोर्ड आवडतो. हात न धुता खुर्चीजवळ आला म्हणून मी एकदा डॉक्टरांच्या मुलालाही बाहेर उभं केलंय. माणसाचं रक्त बाहेर काढून पुन्हा आत सोडतोय आपण, अंदाजाने नाही चालत.

पण समाधान मोजायला त्यांनी एक टॅब ठेवला. पडद्यावर तीन चेहरे, हसरा, साधा, रडका. जाताना एक दाबायचा. पहिल्या महिन्यात आमच्या बॅचचे सगळेच्या सगळे रडके. मेहतासर धावत आले आणि खुर्च्यांमधून फिरत विचारायला लागले. बापूंपाशी येऊन थांबले.

"दादा, आपको क्या तकलीफ हुई?"

बापूंनी त्यांना मराठीतच ऐकवलं. "सुया टोचल्या, चार तास बांधून ठेवलं, प्यायला पाणी दिलं नाही. आणि विचारता अनुभव कसा होता. हसरा दाबू?"

"नाही दादा, सर्व्हिस कशी आहे? ही मुलगी कशी आहे?" मेहतासरही मराठीवर आले.

"पोरगी भांडखोर आहे. हात हलका आहे. त्याचा चेहरा तुमच्या डबीत नाही."

*

मग तो गुरुवार.

बापूंचं वजन आलं तेव्हा ठरलेल्यापेक्षा चार किलो जास्त. मी चिडलेच. "बापू, पुन्हा शेव-उसळ?" ते काही बोलले नाहीत. एवढ्या ओरड्यावर बापूंनी उलट उत्तर दिलं नाही, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं. आम्ही आकडा पुकारला, हितेशने परत म्हटला, मशीनला लावला.

तिसऱ्या तासाला बापू एकदम पांढरे पडले. पायात गोळे, घाम, बीपी मोजता येईना इतकं खाली. हितेशने पाणी ओढणं थांबवलं, पाय वर केले, मी सलाइन सोडलं. बाहेर काकू उभ्या राहिल्या होत्या, काचेला हात लावून. जसुमासी मोठ्याने जप करत होत्या आणि मधेच मला सूचना देत होत्या.

ईसीजी काढायला मी त्यांच्या बंडीच्या गुंड्या काढल्या, तर आतल्या खिशात काहीतरी गार, जड लागलं. बाहेर काढलं. डंबेलच्या दोन लोखंडी चकत्या. पुतण्याच्या जिममधल्या.

म्हणजे चार किलोंमधलं अडीच किलो लोखंड होतं, आणि मशीन तेवढं पाणी त्यांच्या अंगातून ओढत बसलं होतं. अंगात नसलेलं पाणी.

बापू शुद्धीवर आले. डोळे उघडले तर माझ्या हातात चकत्या. मला वाटलं आता ओशाळतील, माफी मागतील. त्यांनी आधी काचेकडे पाहिलं.

"खाली ठेव," पुटपुटले. "तिला दिसतील."

*

मी त्यांना काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. वयाचा मान वगैरे मी घरी ठेवून येते. मरायचं होतं का, असंही विचारलं.

बापू म्हणाले, "मागच्या महिन्यात सत्तरचे अडुसष्ट झाले. तेव्हापासून ती स्वतः जेवत नाही. माझ्या ताटाकडे बघत बसते. आता सदुसष्टच्या खाली गेलंय, मला अंगावरून कळतं. तू पुकारशील आणि ती ऐकेल."

खरं होतं. त्यांचं मांस झडत चाललं होतं. या आजारात होतं तसं. डॉक्टरांनी त्याच दिवशी ड्राय वेट खाली आणलं.

"बापू, तुम्ही खोटं वजन दिलंत तर मी तुम्हाला मशीनला लावणार नाही."

"खरं दिलं तर?"

"तर लावेन."

"आणि पुकारशील काय?"

मला फार राग आला होता. सत्तरीच्या माणसाने बायकोपासून वजन लपवायचं, दहावीतल्या मुलाने मार्क लपवल्यासारखं! मी निघाले. काकू दारातच उभ्या होत्या. पदर दोन्ही हातांनी घट्ट धरलेला. त्यांनी काट्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, "अडुसष्ट."

*

तेव्हापासून हे सुरू झालं. चार्टवर खरा आकडा, मशीनला खरा आकडा, तोंडाने अडुसष्ट. खरा आकडा मी पेनाने हातमोज्यावर लिहायचे आणि हितेशला दाखवायचे. हितेश मोजा वाचायचा आणि गंभीर चेहऱ्याने म्हणायचा, "अडुसष्ट." अख्ख्या बॅचला माहीत होतं. कोणाच्या तोंडात तीळ भिजत नाही अशी ही माणसं, पण ही गोष्ट बाहेर गेली नाही.

बाहेरून बघणाऱ्याला कळायचंही नाही. बापूंचे हात बारीक झाले होते, पण बंडी मात्र अंगाला नेहमी बरोबर बसायची. मी एकदा म्हटलं, "बापू, एवढं वजन उतरलं तरी बंडी ढगळ कशी होत नाही?"

"खादी आहे," बापू म्हणाले. "धुतली की आटते."

चकत्यांचं काय करायचं हा प्रश्नच होता. पुतण्याला परत द्याव्यात तर चोरी उघड. एक हितेशने कुठेतरी टाकली. दुसरी अजून मशीनचं पाणी शुद्ध करणाऱ्या प्लँटच्या खोलीच्या दाराला अडवण म्हणून आहे.

*

खोटं बोलायचं तर नीट बोलावं, असं माझं मत. रोज अडुसष्ट म्हटलं तर कोणालाही संशय येईल. म्हणून मी कधी शंभर ग्रॅम वाढवायचे, कधी कमी करायचे. एकदा बापूंचा वाढदिवस होता. म्हटलं, जाऊ दे, आज अर्धा किलो वाढवू.

"अडुसष्ट पाचशे!"

हितेशने माझ्याकडे पाहिलं. हातमोज्यावर लिहिलं होतं, त्रेसष्ट.

काकूंनी शिवायला घेतलेली बंडी पिशवीत ठेवली, फोन लावला. आणि शनिवारी सगळ्या स्टाफसाठी शिरा घेऊन आल्या. केळं घातलेला, तुपाने थबथबलेला, मोठा डबा भरून. प्रत्येकाच्या हातावर स्वतः वाढला. माझ्या हातावर दोनदा.

मी तो प्लँटच्या खोलीत जाऊन खाल्ला.

*

मग ऑडिट आलं. मेहतासर यादी घेऊन सरळ माझ्या पाठीशी उभे. वजनाची पद्धत तपासायची होती. टेक्निशियन आकडा पुकारतो का, दुसरा परत म्हणतो का.

बापू काट्यावर चढले. काट्याच्या छोट्या पडद्यावर आलं, बासष्ट चारशे. काकू दारापाशी. मेहतासर मागे. हितेश समोर, डोळे माझ्या तोंडावर.

मी म्हटलं, "अडुसष्ट."

हितेश म्हणाला, "अडुसष्ट."

मेहतासर वाकले. चष्मा सरकवला. पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा पडद्याकडे. मला वाटलं, गेली नोकरी. आणि नोकरीपेक्षा वाईट म्हणजे आता ते मोठ्याने विचारणार.

"साहेब," रांगेतून जसुमासींचा आवाज आला, "काटो खराब छे. केटला वखतथी कहीए छीए, कोई सांभळतुं ज नथी." कधीपासून सांगतोय, कोणी ऐकतच नाही.

"खराब आहे?"

"एकदम," मागचे दोघं म्हणाले. त्यांना तर विचारलंही नव्हतं.

"आमच्या आजोबांपासून खराब आहे," बापू काट्यावरून म्हणाले.

मेहतासर खूश झाले. ऑडिटमध्ये काहीतरी सापडलं की ते खूशच होतात. काकू बाहेर गेल्यावर मी चार्टवरचा खरा आकडा त्यांच्यापुढे धरला आणि म्हटलं, मशीनला हा लावलाय. त्यांनी तिकडे न बघताच पाठ थोपटली, "काटा खराब असूनही अंदाज बरोबर!" मी मान हलवली.

पंधरा दिवसांत नवा काटा आला. उंच खांबावर वीतभर उंचीचे लाल आकडे, तोंड सरळ बाहेरच्या बाकाकडे. सोबत सूचना, पेशंट आणि नातेवाईक दोघांना वजन स्पष्ट दिसलं पाहिजे.

बापू त्या आकड्यांकडे बघत राहिले. म्हणाले, "हा रिक्षातूनही दिसेल."

*

त्या शनिवारी बापू जिन्यातच रेंगाळले. वर येईनात. मी खाली गेले तर काकू पुढे, बापू मागे, दम खात असल्याचं नाटक. निम्मं नाटक आणि निम्मं खरं.

आम्ही वर आलो तर जसुमासी नव्या काट्याच्या खांबाला टेकून उभ्या. पाठ आकड्यांना, पदर पसरलेला. त्यांच्यामागे खांब होता हेही दिसत नव्हतं.

"मासी, सरका, वजन घ्यायचंय."

"मने चक्कर आवे छे," मासी जागच्या हलल्या नाहीत. "तू तारे ले ने." तुझं तू घे.

मी त्यांच्या खांद्यावरून मान काढून आकडा वाचला आणि पुकारला. अडुसष्ट. पुढे प्रत्येक वेळी, येताना आणि जाताना, बापू काट्यावर चढले की मासींना चक्कर यायची. खुर्चीवरून उठून यायची आणि काम झालं की जायची.

*

हिवाळ्यात बापू सत्तावन्नवर आले. वर चढायला हितेशचा खांदा लागायला लागला. आणि मला आता हे असह्य झालं.

एका मंगळवारी मी त्यांच्या खुर्चीजवळ स्टूल ओढून बसले. "बापू, काकूंना सांगून टाका."

"काय?"

"तुम्हाला माहितीये काय."

"तुझं लग्न झालंय?"

"तो मुद्दा नाही."

"मग थांब जरा."

"नाही थांबत. तुमच्या पिढीचं हेच. आजार लपवायचा, दुखणं लपवायचं, सगळं झाकून ठेवायचं आणि त्याला माया म्हणायचं. आणि शेवटी समोरच्यावर एकदम सगळं कोसळतं. त्या काय लहान आहेत? त्यांना तयारी करायला वेळ नको? निरोप घ्यायला नको?"

बॅच ऐकत होती. टीव्हीवरच्या सासूबाईही कधी नव्हे त्या गप्प होत्या.

बापू हळू आवाजात बोलायला लागले. "लग्नानंतर ती पहिल्यांदा आखाड्यात डबा घेऊन आली ना, तेव्हा मी काट्यावर होतो. वस्तादांनी आकडा पुकारला. एवढीशी होती, कोणाशी बोलायची नाही. पण सगळ्या पैलवानांसमोर तिने विचारलं, कमी आहे का? सगळे हसले. त्या दिवसापासून ती मला वाढतेय. आता मी तिला सांगू की कमी आहे?"

"बापू, याचा जेवणाशी संबंध नाही. हे आजाराने होतंय. त्यांच्या वाढण्यात काही कमी नाही."

"हे तू मला सांग. तिला नको सांगू. तिला हे ऐकूच यायचं नाही, फक्त आकडा ऐकू येईल."

माझ्याकडे त्यावर उत्तर होतं. मी कॉलेजात वादविवाद जिंकलेली मुलगी आहे, उत्तर असतंच. पण त्यांचा हात माझ्या हातात होता, बीपीचा पट्टा बांधायला घेतलेला, आणि पट्टा एक घडी जास्त गुंडाळला गेला. मी पट्टा बांधला आणि उठले.

*

उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, आधीच्या शनिवारी बापू आले नाहीत. आभाळात सकाळीच पतंग होते. हितेशने त्यांचं मशीन लावून, नळ्या धुऊन तयार ठेवलं होतं. फोन केला तर पुतण्याने उचलला. पहाटे झोपेतच, म्हणाला.

हितेशने नळ्या काढल्या. मासी काट्याच्या खांबापाशी उभ्या होत्या, त्या जाऊन खुर्चीत बसल्या. त्या दिवशी सगळ्यांची वजनं घेतली, मी पुकारली, हितेशने परत म्हटली. जाताना टॅबवर कोणी कुठलाच चेहरा दाबला नाही.

महिन्याच्या रिपोर्टमध्ये पेशंट कमी का झाला त्याचा रकाना असतो. तो मी भरला. पुढच्या मंगळवारी त्या खुर्चीवर नवीन पेशंट आला. आमच्याकडे खुर्ची रिकामी राहत नाही.

*

काकू आल्या त्या दिवसकार्य आटोपल्यावर, एका मंगळवारी, बॅचच्याच वेळेला. हातात पिशवी. आम्ही वजनं घेत होतो. त्यांना पाहून रांग थांबली.

पिशवीतून त्यांनी बापूंची घोंगडी काढली. मशीनवर फार थंडी वाजते, म्हणून प्रत्येकजण आपलं पांघरूण घेऊन येतो. घोंगडी त्यांनी जसुमासींच्या खांद्यावर टाकली. "तुम्हाला थंडी जास्त वाजते, ते सांगायचे." मासींनी ती दोन्ही हातांनी धरली.

मी काकूंना बसा म्हटलं. बसल्या नाहीत. पाणी घ्या म्हटलं. नको म्हणाल्या. मला काहीतरी सांगायला हवं होतं. कितीतरी दिवस मी ते मनात जुळवत होते. आजार असा असतो, तुमचं काही चुकलं नाही, वगैरे. मी तोंड उघडलं, तेवढ्यात काकू दाराकडे वळल्या.

दाराच्या आधी काटा आहे. त्या तिथे थांबल्या. चपला काढल्या, एकीशेजारी एक नीट ठेवल्या आणि काट्यावर चढल्या. इतकी वर्षं त्या इथे आल्या, त्यांचं वजन कधी कोणी केलं नव्हतं.

जसुमासी उठल्या. का, ते त्यांनाही कळलं नसेल. नेहमीच्या पावलांनी खांबापाशी गेल्या आणि घोंगडीसकट आकड्यांना पाठ लावून उभ्या राहिल्या.

मी त्यांच्या खांद्यावरून वाकून पाहिलं.

"एक्केचाळीस," मी म्हटलं.

"एक्केचाळीस," मशीनजवळून हितेश म्हणाला.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं.

"आणि खरं?"